तो मान आणि ती मान

मराठी भाषेंत 'मान' हा शब्द दोन लिंगांनीं नांदतो. 'तो मान' म्हणजे प्रतिष्ठा, आणि 'ती मान' म्हणजे धड व मस्तक यांना सांधणारा अवयव. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें या दोघांचें कांहीं नातें असो वा नसो, लोकव्यवहारानें त्यांचा संसार केव्हांच लावून दिला आहे. ज्याला मान आहे त्याची मान ताठ असते. अपमान झाला कीं मान खालीं जाते. एकाचा मान राखावयाचा म्हणजे दुसऱ्यानें मान लववावयाची. हा संसार बहुधा सुखाचा चालतो. परंतु क्वचित् असा प्रसंग येतो कीं, दोहोंपैकीं एकालाच वांचवितां येतें. आणि अशा वेळीं पुरुषजात आपल्या स्वभावास अनुसरून पुल्लिंगी मानाच्या बाजूनें कौल देते. स्त्रीलिंगी मान मोडते. हें आम्हांस व्याकरणाच्या पुस्तकांत सांपडलें नाहीं. मोटारींच्या शर्यतींचा इतिहास वाचतांना सांपडलें.

आमच्यासारख्या साहित्याच्या अध्यापकानें मोटारींच्या शर्यतींविषयीं लिहावें याचें वाचकांस नवल वाटेल. आम्हांसही तें कमी वाटत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीपर्यंत या खेळाविषयीं आमचें मत असें होतें कीं, घाण्याचा बैल तेवढेंच फिरून निदान तेल तरी काढतो. हे लोक तें जाळतात. परंतु २०२० सालीं महामारीमुळें आमचा एक पुतण्या आमच्या घरीं अडकून पडला, आणि त्याच्याबरोबर रविवारच्या शर्यतीही घरांत शिरल्या. त्या वर्षीं २९ नोव्हेंबरला सायंकाळीं आम्ही वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. बहारीन येथील शर्यत नुकतीच सुरू झाली होती. पहिल्याच फेरींत रोमाँ ग्रोझाँ नामक फ्रेंच चालकाची गाडी ताशीं १९२ किलोमीटर वेगानें लोखंडी कठड्यावर आदळली, तिचे दोन तुकडे झाले, पुढचा तुकडा कठडा फोडून त्यांत रुतला, आणि क्षणार्धांत तेथें आगीचा लोळ उठला. आम्हीं मान फिरविली. घरांत कोणी बोलेना. अर्ध्या मिनिटाच्या आंतच पुतण्या ओरडला, "काका, पाहा! तो बाहेर येतो आहे!" आणि खरोखरच त्या ज्वाळांतून तो मनुष्य कठड्यावर चढून बाहेर आला. त्याचे हात भाजले होते. परंतु डोकें शाबूत होतें.

"हा वांचला कसा?" आम्हीं विचारलें.

"डोक्यापुढची ती कमान," पुतण्या म्हणाला, "आणि मानेचा तो पट्टा."

कमान आमच्या लक्षांत आली. चालकाच्या मस्तकाभोंवतीं असलेलें तें धातूचें कडें २०१८ पासून त्या शर्यतींत सक्तीचें झालें आहे, आणि कठड्याचें लोखंड त्यानेंच अंगावर घेतलें होतें. परंतु मानेचा पट्टा म्हणजे काय? आम्हांस जो मानेचा पट्टा ठाऊक होता तो उत्तरपत्रिका तपासून मान धरलेल्या अध्यापकांच्या गळ्यांतला. त्यानें मनुष्य मृत्यूच्या दारांतून परत येतो असें आमच्या तरी अनुभवास आलें नव्हतें. त्या रात्रीं आम्ही जें वाचावयास बसलों तें वाचन अद्यापि संपलेलें नाहीं.

पहिली गोष्ट आम्हांस आमच्या एका पदार्थविज्ञानाच्या सहाध्यापकांनीं समजावून दिली. ते म्हणाले, "वेगानें कोणी मरत नाहीं. पृथ्वी आपणां सर्वांना ताशीं लाखाहून अधिक किलोमीटर वेगानें सूर्याभोंवतीं फिरवीत आहे, आणि तुम्ही स्वस्थपणें चहा पीत आहां. मनुष्य मरतो तो थांबण्यानें. आणि त्यांतही तो किती वेळांत व किती अंतरांत थांबतो यावर सर्व अवलंबून आहे." हा थांबण्याचा झटका मोजण्याचें माप म्हणजे गुरुत्वाकर्षणाची पट. झटका दहापट असेल तर त्या क्षणापुरतें आपलें वजन दहापट होतें. ग्रोझाँच्या धडकेचा आंकडा ६७ पट असा प्रसिद्ध झाला. साठ किलोच्या माणसाचें वजन त्या हिशेबानें चार हजार किलोंवर जातें, म्हणजे आपलें शरीर एका क्षणापुरतें भरलेल्या मालमोटारीएवढें जड होतें.

या हिशेबाचें उदाहरण म्हणून डेव्हिड पर्ली या इंग्रज चालकाचें नांव घेतलें जातें. १९७७ सालीं सिल्व्हरस्टोन येथें सरावाच्या वेळीं त्याच्या गाडीचा वेग कांहीं केल्या कमी होईना, आणि ती थेट समोरच्या आडोशावर आदळली. ताशीं १७३ किलोमीटर वेगापासून शून्यापर्यंत यावयास तिला अवघें ६६ सेंटिमीटर अंतर मिळालें, म्हणजे आमच्या लिहिण्याच्या मेजाची रुंदी. गणित केलें तर सरासरी झटका गुरुत्वाच्या १७८ पट भरतो. हेंच अंतर ६६ मीटर असतें तर तो पावणेदोन-दोन पटींवर आला असता, आणि पर्ली गाडींतून उतरून कपडे झटकून चालता झाला असता. प्रत्यक्षांत त्याचीं हाडें अनेक ठिकाणीं मोडलीं. पण तो जगला. त्यापूर्वीं १९७३ सालीं हॉलंडमधील शर्यतींत जळत्या गाडीखालीं सांपडलेल्या रॉजर विल्यमसनला सोडविण्यासाठीं स्वतःची शर्यत सोडून धांवत गेलेला, आणि एकट्यानें ती उलटी गाडी सरळ करूं पाहणारा मनुष्य तो हाच. तो प्रयत्न फसला. पण त्याबद्दल पर्लीला शौर्याचें पदक मिळालें. धैर्य म्हणून जें म्हणतात तें या लोकांत नाहीं असें म्हणण्याची आमची छाती नाहीं. आमचा मुद्दा निराळा आहे.

मनुष्याचें शरीर एवढे झटके सोसूं शकतें हें १९५०च्या सुमारापर्यंत शास्त्रज्ञांसही ठाऊक नव्हतें. अमेरिकन वायुदलांतील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनीं तें स्वतःच्या देहावर पडताळून पाहिलें. १० डिसेंबर १९५४ रोजीं न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत रॉकेटनें ढकललेल्या घसरगाडीवर स्वतःस करकचून बांधून घेऊन ते ताशीं हजारांहून अधिक किलोमीटर वेगानें गेले आणि दीड सेकंदाच्या आंत थांबले. झटका ४६ पटींहून अधिक होता. डोळ्यांत रक्त उतरलें, कांहीं काळ दिसेनासें झालें. पण ते त्यांतून बरे झाले. तात्पर्य एवढेंच निघालें कीं, धड नीट बांधलें तर धड तग धरतें.

परंतु धड बांधलें म्हणजे मनुष्य बांधला असें होत नाहीं, आणि येथेंच आमची स्त्रीलिंगी मान प्रवेश करते. शर्यतीच्या गाडींत चालकाचे खांदे व कंबर रुंद पट्ट्यांनीं आसनाशीं आंवळलेलीं असतात. गाडी भिंतीवर आदळली कीं धड जागच्या जागीं राहतें. डोक्याला मात्र कोणी बांधलेलें नसतें. तें पूर्वीच्याच वेगानें पुढें जाऊं पाहतें, आणि त्याला मागें ओढून धरण्याचें काम एकट्या मानेवर पडतें. डोकें आणि शिरस्त्राण मिळून वजन सहा किलोंच्या आसपास. झटका ५० पटींचा असेल तर मानेला त्या क्षणीं ३०० किलोंची ओढ बसते. म्हणजे धान्याचीं भरलेलीं तीन पोतीं मानेला बांधून कड्यावरून खालीं सोडावीं तसें होतें. मग ज्या छिद्रांतून मज्जारज्जू खालीं उतरतो त्याच्याभोंवतालचें हाड, म्हणजे कवटीचा तळच, तडकतो. बाहेरून पाहावें तर चेहऱ्यावर ओरखडा नाहीं, शिरस्त्राणाला तडा नाहीं. आणि आंत सर्व संपलेलें असतें. शिरस्त्राण कितीही उत्तम असलें तरी या ठिकाणीं तें निरुपयोगी. उलट त्याचें वजन मानेला जाचतेंच.

१९८१ सालीं अमेरिकेंत पॅट्रिक झाकमार नांवाचा चालक अशाच दुखापतीनें गेला. जिम डाउनिंग हा त्याचा मित्र, आणि स्वतःही शर्यतींत उतरणारा. डाउनिंगचे मेहुणे रॉबर्ट हबर्ड हे मिशिगन राज्य विद्यापीठांत प्राध्यापक होते. आघातानें शरीराला होणाऱ्या इजा हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. मेहुण्यामेहुण्यांचीं बोलणीं बहुतेक घरांत जमिनीच्या वांटणीवर येऊन थांबतात. या दोघांचीं मानेवर येऊन थांबलीं. हबर्ड यांचा विचार इतका सोपा होता कीं, तो आधीं कोणास सुचला नाहीं याचें आश्चर्य वाटतें: धड बांधलें आहे, तर डोकें धडालाच बांधावें. त्यांनीं खांद्यांवर बसणारें, छातीवर दोन बाजूंनीं उतरणारें व मानेमागें उंच उठणारें एक जूं तयार केलें. खांद्याचे पट्टे त्यावरूनच जातात, आणि मागच्या उंचवट्यापासून दोन आंखूड बंद शिरस्त्राणाच्या दोन्ही बाजूंस अडकविलेले असतात. धडकेच्या क्षणीं डोकें पुढें झेपावूं लागलें कीं ओढ मानेवर न येतां या बंदांवर येते, आणि डोकें व धड बरोबर थांबतात. इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें घेऊन याला 'हॅन्स' म्हणतात. १९८०नंतरच्या दशकाच्या मध्यास पहिले नमुने झाले. मोठ्या कारखानदारांनीं फारसा उत्साह दाखविला नाहीं, तेव्हां मेहुण्यामेहुण्यांनीं तें स्वतःच करून विकावयास आरंभ केला.

आणि तें कोणी घेईना! आमच्या लेखाचा सारा विषय या एका वाक्यांत आहे. साधन तयार आहे, तें घालून डाउनिंग स्वतः शर्यतींत उतरतो आहे, प्रयोगांतले आंकडे स्पष्ट आहेत. आणि तरीही दीड तप बहुसंख्य चालक त्याकडे पाठ फिरवून बसले. कोणी म्हणे, खांद्यांना बोंचतें. कोणी म्हणे, बाजूला पाहतां येत नाहीं. कोणी म्हणे, आग लागली तर बाहेर पडावयास अडचण होईल. या हरकती अगदींच पोकळ होत्या असें नव्हे. परंतु त्यांच्या मागें आणखी एक हरकत होती, आणि ती कोणी उच्चारीत नसे: जूं बैल घालतो, वाघ घालीत नाहीं. ३० एप्रिल १९९४ रोजीं इटलींतील इमोला येथें रोलांड रॅट्झेनबर्गर हा ऑस्ट्रियन चालक कवटीचा तळ मोडून गेला. दुसऱ्याच दिवशीं त्याच मार्गावर आयर्टन सेना हा जगज्जेता निराळ्या प्रकारच्या मस्तकाघातानें गेला, आणि जगाचा शोक सेनाकडे वळला. २००० सालीं न्यू हॅम्पशर येथील एकाच मार्गावर, दोन महिन्यांच्या अंतरानें, ॲडम पेटी आणि केनी अर्विन हे दोन तरुण त्याच दुखापतीनें गेले. पेटी अवघ्या एकोणीस वर्षांचा होता. तरीही सक्ती झाली नाहीं.

मग १८ फेब्रुवारी २००१चा दिवस उजाडला. फ्लॉरिडांतील डेटोना येथें अमेरिकेंतील एक फार मोठी शर्यत होती, आणि तींत डेल अर्नहार्ट होता. सात वेळां विजेतेपद मिळविलेला, एकोणपन्नास वर्षांचा, 'धाक घालणारा' या अर्थाच्या टोपणनांवानें देशभर ओळखला जाणारा हा पुरुष जुन्या वळणाचा होता. इतर बहुतेकांनीं चेहरा झांकणारें शिरस्त्राण पतकरलें, तरी हा उघड्या तोंडाचेंच घालीत असे. मानेच्या जुंवाला त्यानें साफ नकार दिला होता. शेवटच्या फेरींत तो तिसऱ्या क्रमांकावर होता. पुढें पहिली गाडी त्याच्याच संघाची, आणि दुसरी गाडी त्याच्या मुलाची. मुलाचें नांवही डेलच. शेवटच्या वळणावर अर्नहार्टच्या गाडीला धक्का लागला, ती वळली आणि बाहेरच्या भिंतीवर गेली. पाहणाऱ्यांस ती धडक मोठी वाटली नाहीं. त्यापूर्वीं याहून भयंकर दिसणाऱ्या अपघातांतून तो चालत बाहेर आलेला लोकांनीं पाहिला होता. मुलगा दुसरा आला. बाप गाडींतून उतरला नाहीं. पुढें चौकशींत दिसून आलें कीं, सेकंदाच्या बाराव्या हिश्शाएवढ्या काळांत त्याच्या गाडीच्या वेगांत ताशीं सुमारें ७० किलोमीटरांचा फरक पडला होता. सरासरी काढली तरी ती गुरुत्वाच्या चोवीस-पंचवीस पट येते. म्हणजे पर्लीच्या झटक्याचा सातवा हिस्सा. कवटीचा तळ मोडला होता.

येथें न्यायानें बोललें पाहिजे. चौकशीच्या अहवालांत एकच कारण दिलेलें नाहीं. आघाताची दिशा, दुसऱ्या गाडीशीं झालेली टक्कर, कमरेचा तुटलेला पट्टा, अशा अनेक गोष्टी तेथें एकत्र मांडल्या आहेत. जूं घातलें असतें तर तो खात्रीनें जगला असता असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु त्याच्या मृत्यूनें जें झालें तें सर्वांसमोर आहे. जो सर्वांत ताठ त्याचीच मान मोडली, तेव्हां इतरांस आपली मान झांकण्यांत कमीपणा वाटेनासा झाला. त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें त्या संस्थेनें मानेचें साधन सक्तीचें केलें. २००३ पासून युरोपच्या फॉर्म्युला वन शर्यतींनींही केलें. २००२ सालीं नेब्रास्का विद्यापीठांतील यंत्रज्ञांनीं केलेल्या लवचिक भिंती इंडियानापोलिस येथें उभ्या राहिल्या, आणि मग इतरत्र पसरल्या. पोलादाच्या नळ्या, त्यांच्या मागें मऊ ठोकळे, आणि त्यांच्या मागें जुनी कांक्रीटची भिंत. गाडी आदळली कीं पुढचा थर थोडा मागें सरतो. पर्लीला न मिळालेलें अंतर ही भिंत मिळवून देते. भिंतीनें मान लवविली, तेव्हां कोठें माणसांच्या माना वांचल्या. अर्नहार्टनंतरच्या दोन तपांत त्या सर्वोच्च मालिकेच्या शर्यतींत एकही चालक अपघातानें दगावलेला नाहीं.

येथें हा लेख संपला असता तर किती बरें झालें असतें! परंतु मान सांभाळली म्हणजे मेंदू सांभाळला, असें सृष्टीनें ठेविलेलें नाहीं.

मेंदू कवटींत द्रवांत तरंगत असतो. त्याची घडण समजावयास आमच्या स्वयंपाकघरांत खरवसाइतकी चांगली वस्तु नाहीं. खरवसाची वाटी टेबलावरून सरळ पुढें ढकलली तर तो फारसा बिघडत नाहीं. परंतु तीच वाटी एकदम गर्रकन् फिरवून थांबविली तर वाटी थांबते, खरवस फिरूं पाहतो, आणि त्याला आंतल्या आंत भेगा जातात. ऑक्सफर्ड येथील होलबर्न या पदार्थवैज्ञानिकानें १९४३ सालीं हेंच दाखविलें; खरवस नव्हे, तर मेंदूच्या आकाराचा जिलेटिनचा गोळा घेऊन. मेंदूला दाबणें कठीण, पण त्याचे थर एकमेकांवरून सरकविणें सोपें. म्हणून सरळ ठोशापेक्षां डोक्याला बसलेला पीळ अधिक घातक, असा त्याचा निष्कर्ष होता. ऑक्सफर्डला हा विषय लागला त्यामागें ह्यू केर्न्स नांवाचे मज्जाशल्यवैद्य होते. १९३५ सालीं टी. ई. लॉरेन्स हा 'अरबस्तानचा लॉरेन्स' मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीनें गेला, तेव्हां त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ते होते. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. पुढें महायुद्धांत केर्न्स यांनीं लष्करांतील मोटारसायकलस्वारांच्या मस्तकाघातांचा अभ्यास करून शिरस्त्राणाचा आग्रह धरला, आणि आज दुचाकीवाल्यांच्या डोक्यावर जें ओझें आहे त्याची परंपरा बऱ्याच अंशीं त्या अभ्यासापर्यंत जाते.

पिळाची ही इजा भयंकर असली तर मज्जातंतु मेंदूभर ताणले जाऊन तुटतात. ५ ऑक्टोबर २०१४ रोजीं जपानांतील सुझुका येथें पावसांत ज्यूल बियांकी याची गाडी ताशीं १२६ किलोमीटर वेगानें गाड्या उचलणाऱ्या एका अवजड यंत्राखालीं घुसली. शिरस्त्राण होतें, मानेचें जूं होतें. तो नऊ महिने बेशुद्ध राहून १७ जुलै २०१५ला गेला. अशा इजेला निदान सर्व जग पाहतें. परंतु तिचीच धाकटी बहीण अशी आहे कीं, ती कोणासच दिसत नाहीं. हाड मोडत नाहीं, रक्त येत नाहीं, यंत्रानें काढलेल्या चित्रांत कांहीं उमटत नाहीं. मनुष्य उठतो, हात हालवून प्रेक्षकांस अभिवादन करतो, आणि घरीं गेल्यावर त्याला उजेड सहन होत नाहीं. शिवाय शरीराच्या बाबतींत झटक्याच्या आंकड्यावरून जें अनुमान करतां येतें तें मेंदूच्या बाबतींत करतां येत नाहीं. केनी ब्रॅक या स्वीडिश चालकाच्या गाडींतील यंत्रानें २००३ सालीं टेक्सासमध्यें २१४ पटींचा झटका नोंदला. त्याचीं हाडें ठिकठिकाणीं मोडलीं, आणि तो २००५ सालीं पुन्हां इंडियानापोलिसच्या शर्यतींत उतरला. दुसऱ्या कोणाला याच्या पासंगालाही न पुरणारा धक्का वर्षभर घरीं बसवितो.

हा दुसरा कोणी म्हणजे धाकटा डेल अर्नहार्ट. बापाच्या मृत्यूनें आलेलें सर्व संरक्षण या मुलाला मिळालें: जूं, मऊ भिंती, नवें आसन. म्हणून तो जगला. २०१२च्या ऑगस्टमध्यें गाडीची चांचणी घेतांना तो भिंतीवर आदळला. डोकें ठिकाणावर नाहीं हें त्याला कळत होतें. पण त्यानें तें कोणास सांगितलें नाहीं आणि शर्यती चालूच ठेविल्या. ऑक्टोबरमध्यें दुसरा धक्का बसला, तेव्हां तो डॉक्टरांकडे गेला आणि दोन शर्यती मुकला. २०१६ सालीं पुन्हां तीच अवस्था आली. तोल जाई, डोळे एका जागीं ठरत नसत. त्या वर्षाच्या शेवटच्या अठरा शर्यती त्यानें सोडल्या, आणि २०१७नंतर नियमित स्पर्धेंतून निवृत्ति घेतली. पुढें त्यानें पुस्तक लिहून सांगितलें कीं, आपल्या लक्षणांची टिपणें तो दूरध्वनियंत्रांत चोरून लिहून ठेवीत असे. ज्या मनुष्याला लाखो लोक शूर म्हणून ओळखतात तो आपली डोकेदुखी एखाद्या अपराधासारखी लपवून ठेवतो! बापानें मान उघडी ठेविली ती मानासाठीं. मुलानें मेंदूचें दुखणें झांकलें तेंही मानासाठीं. फरक इतकाच कीं, मुलाला शेवटीं तो मान बाजूस ठेवतां आला, आणि लोकांनीं त्याला भित्रा म्हटलें नाहीं. त्यानें आपला मेंदू मृत्यूनंतर संशोधनासाठीं देण्याचेंही २०१६ सालीं जाहीर केलें.

ही टिपणांची हकीकत वाचून आम्हीं पुस्तक मिटलें; कारण तीं टिपणें आमच्या ओळखीचीं होतीं.

२०१७च्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं आमची स्कूटर पुण्यांत, घरापासून हांकेच्या अंतरावर, ओल्या रस्त्यावर घसरली. वेग ताशीं पंचवीसहून अधिक नसावा. हेल्मेट डोक्यावर होतें, परंतु पट्टा लावलेला नव्हता. तो लावला कीं मान आखडते, अशी आमची तक्रार असे. हेल्मेट एका बाजूस गेलें आणि आम्ही दुसऱ्या. डोकें पदपथाच्या कडेला लागलें. क्षणभर आपण कोठें आहों हें कळेना. लोक जमले. त्यांत आमचे दोन विद्यार्थी होते. "सर, लागलें का?" "छे, छे! कांहीं नाहीं." हें उत्तर आम्हीं विचार करून दिलें नाहीं, विद्यार्थी दिसतांच तें आपोआप आलें. रक्त नव्हतेंच. आम्ही कपडे झटकले आणि ताठ मानेनें घरीं आलों.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत, जें नाटक आम्ही वीस वर्षें शिकवीत होतों त्यांतील एका प्रमुख पात्राचें नांव आम्हांस आठवेना. घसा बसल्याची सबब सांगून आम्हीं जुनीं टिपणें एका मुलाकडून वाचवून घेतलीं. वर्गांतला उजेड टोंचूं लागला. रात्रीं वाचावयास बसावें तर ओळी एकमेकींत मिसळत. "अहो," एके दिवशीं सौभाग्यवती म्हणाल्या, "अर्धा तास झाला, तुम्ही एकच पान उघडून बसलां आहांत." आम्ही त्यांच्यावर एवढ्या मोठ्यानें ओरडलों कीं शेजारची खिडकी उघडली. असें आम्ही पूर्वीं कधीं ओरडलों नव्हतों. तोही दुखण्याचाच एक भाग होता हें मागाहून कळलें. परंतु त्या वेळीं त्यांच्या चेहऱ्यावर जें आलें तें आम्ही विसरलों नाहीं. तीन आठवडे आम्हीं हें असेंच रेटलें. विद्येवर पोट भरणाऱ्या माणसाला पाय मोडल्याचें सांगावयास लाज वाटत नाहीं. डोकें चालत नाहीं हें तो कोणत्या तोंडानें सांगणार? शेवटीं सौभाग्यवतींनींच आम्हांस डॉक्टरांकडे नेलें. चित्रांत कांहीं दिसलें नाहीं. डॉक्टर म्हणाले, वाचन बंद, पडदे बंद, झोंप भरपूर; आणि पुढें त्यांनीं विचारलें, "या तीन आठवड्यांत स्कूटर चालविली नाहींत ना?" आम्हीं रोज चालविली होती. पहिला धक्का भरून येण्यापूर्वीं दुसरा बसला तर तो कितीतरी अधिक घातक ठरूं शकतो, असें त्यांनीं शांतपणें सांगितलें. सुमारें दोन महिन्यांनीं ओळी पुन्हां ओळींत आल्या. त्या पात्राचें नांवही परत आलें. पण महाविद्यालयांत ही गोष्ट आजपर्यंत कोणास ठाऊक नाहीं. ती आम्हीं येथें प्रथमच लिहीत आहों.

आमच्या देशांत दुचाकीवर शिरस्त्राण घालावें असा नियम १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमांतच आहे. तरी त्याची अंमलबजावणी कडक होतांच, २०१९च्या जानेवारींत आमच्या पुण्यांत त्याविरुद्ध मोर्चा निघाला. तेव्हां आम्ही हंसलों होतों. आतां हंसत नाहीं. त्या मोर्च्यांतले लोक आणि डेटोनाचा तो वीर हे एकाच घराण्यांतले, आणि पट्टा न लावतां हेल्मेट मिरविणारे आम्ही त्यांचे जवळचे नातलग. भय वाटत नाहीं म्हणून आपण डोकें उघडें ठेवीत नाहीं. भय वाटतें असें दिसेल या भयानें ठेवतों. रणांगणावर उघड्या छातीचा कांहीं अर्थ असेल. पदपथाच्या कडेला तो कळत नाहीं. भिंतीला तर मुळींच कळत नाहीं. तिला वस्तुमान, वेग आणि अंतर एवढेंच समजतें.

गेल्या महिन्यांत पुतण्यानें स्वतःच्या पगारांतून मोटारसायकल घेतली, आणि ती दाखविण्यास तो घरीं आला. नवें हेल्मेट त्याच्या कोपरांत अडकविलेलें होतें. सौभाग्यवतींनीं गाडीला हळदकुंकू वाहिलें. निघतांना तो नमस्कारासाठीं वांकला. तो उठल्यावर हेल्मेट आम्हींच त्याच्या डोक्यावर ठेविलें, पट्टा हनुवटीखालीं घेतला आणि ओढला. खालीं त्याचे दोघे मित्र आपल्या गाड्यांवर बसून हें पाहत होते.

"काका, घट्ट होतो आहे," तो हळूच म्हणाला. "आणि ते बघताहेत."

"बघूं देत," आम्हीं म्हटलें, आणि पट्टा आणखी एक बोट आंवळला.